बप्पांच्या पाठीवरचे तीन चौकोन

बीडला माझ्या दवाखान्याच्या दाराशी सिमेंटची एक टाकी होती. तिला तोटी आणि तोटीशेजारी साबणाची वडी. रोग्यांनी बाहेर पडताना हात धुवावेत म्हणून मी ती बांधून घेतली होती, पण लोक आत येण्याआधीच धुवायचे. हातच नव्हे, तोंड, मान, पाय, जिथे म्हणून काही उठलं असेल ते सगळं. धुऊन झालं की पिशवीतून खोबरेल काढायचं, वरून चोळायचं आणि तुकतुकीत होऊन माझ्यासमोर बसायचं. डॉक्टरीण बाई बघणार, तर असं घाणेरडं कसं जायचं?

आता त्वचेच्या डॉक्टरला नेमकी ती घाणच बघायची असते. गजकर्णाचा कोंडा खरवडून काचेवर घ्यायचा, वर औषधाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का पाहायचं, ही आमची साधी तपासणी. तेल चोपडलेल्या कातडीवरून काय कपाळ खरवडणार! मी मुळात तापट, त्यात आवाज मोठा. "पुन्हा धुऊन आलात तर दारातूनच परत पाठवीन," असं मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे. नेकनूरच्या एका म्हातारीने मला शांतपणे विचारलं होतं, "पोरीला बघायला पावणे आले तर तुमी तिला बिनआंगुळीची दावता व्हय, बाई?" मी हसले आणि तिला लिहून दिलं त्या दिवशी अंदाजानेच.

संपादकांनी मला त्वचारोगांची कारणं आणि नवे उपचार यांवर लिहायला सांगितलं आहे. त्यांची हरकत नसेल तर मी कारणांची यादी देणार नाही. ती हल्ली मोबाईलवर मिळते, आणि रोगी ती वाचून, मनाशी रोग ठरवूनच येतो. थोडक्यात सांगायचं तर कातडीचं दुखणं एक तर आतून येतं, नाही तर बाहेरून लागतं. आतलं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. 'रक्त खराब झालंय', 'उष्णता वाढलीय', आणि सगळ्यांत लाडका प्रश्न, 'वांगं बंद करू का?' गरीब बिचाऱ्या वांग्याला आमच्या जिल्ह्यात जेवढा दोष लागला तेवढा कुणालाच लागला नसेल. बाहेरचं कारण मात्र शोधावं लागतं, आणि ते शोधताना डॉक्टरला थोडं पोलीस, थोडं शेजारीण व्हावं लागतं. काय खाता यापेक्षा काय हाताळता, काय नेसता, कुठे बसता हे विचारावं लागतं.

नव्या उपचारांचंही खरं सांगते. माझ्या उमेदीच्या काळात सोरायसिसला आम्ही काळं डांबराचं मलम द्यायचो. अंथरूण काळं व्हायचं आणि घरात कटकटी व्हायच्या. आता अंगातला नेमका बिघडलेला निरोप थांबवणारी इंजेक्शनं आली आहेत, प्रकाशाच्या पेटीत उभं करून करायचे उपचार आले आहेत, कोडाच्या डागावर चांगल्या कातडीतल्या पेशी लावता येतात. मला त्याचं अप्रूप आहे. पण त्याच काळात गजकर्णासारखा साधा रोग हट्टी होऊन बसला. मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणायची, ती नवऱ्याने, बायकोने, सासूने, शेजारच्यांनी लावायची. खाज दोन दिवसांत जाते, बुरशी आतल्या आत पसरते. मग एकाच घरातली सात माणसं एका रांगेत माझ्यासमोर उभी आणि मध्ये ती पिळून पिळून गुंडाळलेली ट्यूब. अशा ट्यूबा मी टेबलाच्या खणात जमवल्या होत्या. कुणी नाकारलं की खण उघडून दाखवायचे.

शोधून काढण्यात माझा हातखंडा होता, हे मी न लाजता सांगते. तलवाड्याकडचे एक पुढारी एकदा मागच्या दाराने आले, तोंडाला उपरणं गुंडाळून. उपरणं काढलं तर डोळे सुजून मिटलेले, ओठाच्या वर पाणी सुटलेलं. "विरोधकांनी कायतरी चारलंय बाई," ते कुजबुजले. मी बॅटरी घेऊन त्यांच्या मिशा बघितल्या. "साहेब, कलप कधी लावला?" ते म्हणाले, "परवा. फारम भरायला जायचं होतं." कलपातला काळा रंग कित्येकांना बाधतो. त्यांनी कलप सोडला आणि पुढच्या सभेला पांढऱ्या मिशांनी गेले. लोक म्हणाले म्हणे, साहेब आता खरे साहेब दिसायलेत.

अशा केसेसनी माणूस शेफारतो. मीही शेफारले होते. रोगी दारातून आत येईपर्यंत मला कारण कळतं, असं मी कंपाउंडर शेख चाचांना ऐकवायचे. ते मान डोलवायचे. त्यांनी एकदा तरी मान डोलवली नसती तर बरं झालं असतं.

गेनूबप्पा पहिल्यांदा आले ते अशा माझ्या ऐन भरात. मांजरसुंब्याच्या पुढे डोंगराकडेला त्यांची वस्ती. जन्म मेंढरांमागे गेलेला. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. सोबत बायको, कौसाबाई, तोंडाने फटकळ. बप्पांच्या कपाळाची, पापण्यांची आणि गळ्याची कातडी जाड, काळपट, चिरा पडलेली. उजव्या हाताच्या बोटांची टोकंही तशीच.

"लई खाजवायलंय बाई," ते म्हणाले. "डोळ्याला डोळा लागू देत न्हाई."

"काय लावता यावर?"

"कायबी लावत न्हाई."

"तेल? पावडर? कुठलं मलम?"

"काय बी न्हाई. लावायचं ठावंच न्हाई आमाला."

त्यांच्याकडे बघितलं, घोंगडीकडे बघितलं आणि माझं ठरलं. इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. लहानपणी मी घोंगडीवर बसले की माझ्या मांड्या खाजायच्या, लाल व्हायच्या. आमच्या घरी माझ्यासाठी सतरंजी वेगळी असायची. आईने सांगितलं होतं, हिला लोकर बाधते. मी तेच घेऊन मोठी झाले, तेच घेऊन डॉक्टर झाले. बप्पांचं तोंड, मान, हात, म्हणजे लोकरीशी सतत संबंध येणारे भाग. मग आणखी काय शोधायचं?

"मेंढरांनी होतंय हे," मी म्हणाले.

बप्पांनी खांद्यावरची घोंगडी सावरली. मग विचारलं, "म्हंजी मेंढरं सोडायची?"

"सोडावी लागतील. नाही तर आयुष्यभर खाजवा." आणि मी पुढच्या रोग्याला हाक मारली. एवढंच. एका माणसाचं सगळं जगणं मी दोन वाक्यांत उठवलं, आणि दुसऱ्या वाक्याच्या वेळी माझं तोंड दाराकडे होतं.

खरं तर एक तपासणी असते, पट्टीची. ज्या वस्तूंचा संशय असेल त्यांचा कणभर अंश व्हॅसलीनमध्ये कालवून पाठीवर चिकटपट्टीखाली ठेवायचा. दोन दिवस पट्टी तशीच, आंघोळ नाही, घामाचं काम नाही. मग काढून बघायचं, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. जी वस्तू बाधते तिच्या चौकोनापुरतं लाल होऊन उठतं, बाकीचे चौकोन कोरे राहतात. साधी, जुनी, प्रामाणिक तपासणी. मला ती येत होती. पण बप्पांना चार हेलपाटे पडले असते, आणि मला तर कळलंच होतं ना! म्हणून केली नाही.

माझ्या गोळ्यांनी बप्पांना पहिले काही आठवडे आराम पडला. मेंढरं एका बाजारी विकून आलो, असं त्यांनी येऊन सांगितलं. मी म्हणाले, "बघा, फरक पडला की नाही?" गोळ्या कमी केल्या आणि दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्त. आता कानांच्या मागे, छातीपर्यंत. मी औषध बदललं. म्हणाले, घोंगडी पण सोडा. त्यांनी सोडली. दुखणं वाढतच गेलं. मला त्यांचा राग यायला लागला, खोटं कशाला बोलू. मी सांगते ते हा माणूस करत नसणार, गुपचूप भावाच्या मेंढरांत जात असणार, असं मी शेख चाचांना बोलूनही दाखवलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाला पाणी नव्हतं. टँकरची वाट बघायची. दाराशी टाकी कोरडी ठणठणीत, साबणाची वडी तडकलेली. आणि त्या दिवशी बप्पा तोंड न धुता आत आले.

त्यांच्या कपाळभर पिवळं होतं. गळ्यावर पिवळं. छातीवर सदऱ्याच्या गळ्यातून दिसेल एवढं पिवळं. उजव्या हाताची तीन बोटं पिवळीधमक. आणि जिथे जिथे पिवळं होतं तिथेच, त्याच कडेपर्यंत, दुखणं होतं. मी खुर्चीतून उठले.

"बप्पा, हे काय लावलंय?"

"ह्ये? भंडारा हाय की."

"तुम्हाला मी दर वेळी विचारते, काय लावता म्हणून!"

"लावत न्हाई वं बाई कायबी," ते गोंधळून म्हणाले. "ह्यो तर भंडारा हाय."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. लावायचं ते मलम. भंडारा खंडोबाचा, तो लेवायचा असतो. सकाळी उठून कपाळी, गळ्याला, चिमूटभर तोंडात. माझ्या प्रश्नात तो बसतच नव्हता. आणि माझ्याकडे येताना ते दर वेळी त्या टाकीवर तोंड घासून धुवायचे, कारण देवाचा भंडारा कुणाच्या हाताने पुसला जाऊ नये, हेही एक होतं.

"पूर्वीपेक्षा जास्त लेवता का हल्ली?"

बप्पांनी खाली बघितलं. उत्तर कौसाबाईंनी दिलं. "मेंढरं गेल्यापून करायचं काय यांनी? दिसभर द्येवाम्होरं बसत्यात. सकाळ, दुपार, सांज, भंडारा न् भंडारा."

मी डोक्याला हात लावला. शेख चाचा दारात उभे होते. त्यांनी मान डोलवली नाही.

"बप्पा, मला वाटतं या भंडाऱ्यानेच होतंय."

आता उसळल्या त्या कौसाबाई. "कावून वं बाई? आमची मेंढरं घेतली तुमी. आता द्येव बी घ्यायला बसला व्हय?"

बप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "द्येव कशाला बाधल? द्येवाचं मी काय वाईट केलंय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. खाजेपेक्षा ते याला जास्त भ्यायले होते.

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. विचारलं, भंडारा कुठला? जत्रेतून पाकीट आणतात. पूर्वी? पूर्वी कौसाबाई घरीच हळकुंडं कुटायच्या, हल्ली हात दुखतात म्हणून पाकीट. हल्ली म्हणजे कधीपासून? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दुखण्याच्या जरा आधीपासून.

मग मी त्यांना पट्टीची तपासणी समजावून सांगितली, जी मी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. एका चौकोनात पाकिटातला भंडारा, दुसऱ्यात घरी कुटलेली हळद. बप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग खांद्यावर हात नेला, पण तिथे घोंगडी नव्हती.

"लोकर बी लावा," ते म्हणाले. "घरी घोंगडी हाय. बगू तर खरं."

दुसऱ्या दिवशी ते घोंगडीच्या कडेचा पुंजका आणि कौसाबाईंनी दुखऱ्या हातांनी कुटलेली हळद घेऊन आले. मी त्यांच्या पाठीवर तीन चौकोन लावले. आयुष्यात शेकडो पट्ट्या लावल्या असतील, पण त्या दिवशी प्रत्येक कड मी अंगठ्याने दोनदा दाबली. एका चौकोनात माझी चूक होती, एकात त्यांचा देव होता, आणि काय निघेल ते मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी पट्टी काढली. पाकिटाचा चौकोन लालबुंद, बारीक फोड आलेले. हळदीचा चौकोन स्वच्छ. तो देव नव्हता, हळदही नव्हती. पिवळेपणा वाढवायला कुणीतरी मिसळलेला रंग होता. मी सुटकेचा श्वास सोडला आणि दोघांना ते समजावून सांगितलं. बप्पांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांना स्वतःची पाठ दिसत नव्हती. ते तसेच पाठमोरे बसून होते.

"आन् लोकर?" त्यांनी विचारलं.

मी बोलायच्या आधी कौसाबाई पुढे झाल्या. वाकून नीट बघितलं. बोट फिरवलं.

"कोरं हाय," त्या म्हणाल्या.

मी मोबाईलवर फोटो काढून बप्पांना दाखवला. त्यांनी लाल चौकोनाकडे फारसं पाहिलंच नाही. त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं असतं, म्हणून ते पुन्हा आले. तेव्हाही ती जागा कोरीच होती.

"म्हंजी मेंढरांचं कायच नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं. चूक माझी, बप्पा. मी न तपासता सांगितलं."

त्यांनी सदरा घातला, गुंड्या लावल्या. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. "लाडी नावाची म्हातारी मेंढी होती," ते म्हणाले. "हाक मारली की यायची. बाजारात सोडून निघालतो, तर मागं मागं यायला लागली." एवढं बोलून ते उठले. मी दार लावून घेतलं आणि रडले. शेख चाचांनी बाहेर बसलेल्या रोग्यांना सांगितलं, बाई जेवायला बसल्यात.

त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर एक प्रश्न वाढला. 'देवाचं काय लेवता?' भंडारा, कुंकू, अष्टगंध, अंगारा, गळ्यातला गंडा, सगळं त्यात आलं. त्या एका प्रश्नाने मला पुस्तकांपेक्षा जास्त निदानं मिळवून दिली. नंतर कुणी मला नव्या उपचारांचं विचारलं की मी म्हणायचे, सगळ्यांत नवा उपचार म्हणजे पुढचा प्रश्न विचारणं. डॉक्टर मंडळी हसायची. मी विनोद करत नव्हते.

बप्पांचं दुखणं काही महिन्यांत पूर्ण गेलं. कौसाबाईंच्या भावाने बटईने चार मेंढ्या दिल्या, म्हणजे सांभाळायच्या यांनी आणि पिल्लं वाटून घ्यायची. चाराच्या आठ झाल्या. मला मोबाईलवर फोटो यायचे. इतर रोगी पुरळाचे फोटो पाठवतात, बप्पा कोकरांचे पाठवायचे. खाली मजकूर नाही, काही नाही, नुसतं कोकरू.

मी दवाखाना बंद करून आता वर्ष झालं. या हिवाळ्यात दोघं घरी आले. बप्पांनी पिशवीतून काळी घोंगडी काढून माझ्यापुढे ठेवली. "आपल्या मेंढरांची लोकर हाय. सणगराकडून इणून आणली."

मी हात पुढे केला, आणि हात घोंगडीपर्यंत पोचायच्या आधीच माझा दुसरा हात मानेवर खाजवायला लागला. बप्पांनी ते बघितलं. मिशीत हसले.

"खाजवायलंय, बाई?"

"लहानपणापासून. मला लोकर बाधते."

"टेस केली का?"

जिल्हाभरच्या पाठींवर पट्ट्या लावल्या, स्वतःच्या पाठीवर कधी नाही. आईने सांगितलं होतं, मग तपासायचं काय?

"मेंढरांवानी घोंगडी इकू नका मग इतक्यात," बप्पा म्हणाले. "आदी टेस करा."

कौसाबाईंनी घोंगडीच्या कडेचा पुंजका ओढला. मी कपाटातून चिकटपट्टी काढून दिली. बप्पा उठून दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि कौसाबाईंनी माझ्या पाठीवर पट्टी लावली, कडा अंगठ्याने दाबून, अगदी मी लावायचे तशी. "दोन दिस आंगूळ न्हाई," त्या माझ्याच आवाजात ओरडल्या. तिसऱ्या दिवशी मांजरसुंब्याहून एसटीने मुद्दाम पुन्हा आले दोघं. पट्टी निघाली. कौसाबाई वाकल्या, बोट फिरवलं.

"काय हाय?" बप्पांनी दाराकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"कोरं हाय."

लोकर टोचते. जाडीभरडी लोकर सगळ्यांनाच थोडी टोचते. टोचणं वेगळं आणि बाधणं वेगळं, हे मी जन्मभर रोग्यांना शिकवत आले होते.

"मग पांघरा आता," बप्पा म्हणाले.

मी घोंगडी खांद्यावर घेतली. टोचत होती, चांगलीच टोचत होती. मी ती काढली नाही.